नित्यसुखाचे विस्मरण
(कुर्ल्यातील एका नळाच्या निमित्ताने)

विषयोपन्यास

सुख कशास म्हणावे याची चर्चा सर्वच शास्त्रांनी केलेली आहे. परंतु सुख हाताशी असताना ते सुख म्हणून जाणवू नये, आणि हातचे गेले म्हणजे मगच त्याचे सुखपण कळावे, असे का घडते, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. साधकाच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. ज्याला जवळची वस्तू दिसत नाही त्याला दूरची दिसेल, अशी ग्वाही कोणी द्यावी?

प्यावयास स्वच्छ पाणी, रात्री दिवा, दुखण्याला औषध, दूर जावयास वाहन, या गोष्टींना आपण ‘सोयी’ म्हणतो. एखाद्या गोष्टीची सोय लागली म्हणजे तिचा विचार संपला. जिच्याविषयी विचारच करावा लागत नाही ती उत्तम सोय, अशी आपली व्यवहारातील व्याख्या आहे. याचा अर्थ असा की सोय जितकी उत्तम, तितके तिचे विस्मरण गाढ. हे विस्मरण मनाच्या स्वभावातून उपजते हे खरे. तथापि ते तेवढ्यावर थांबत नाही. त्यातून दुसऱ्याच्या कष्टांविषयी आंधळेपण येते, आणि म्हणून तो आचाराचा विषय होतो. हा विचार हवेत राहू नये यासाठी प्रस्तुत लेखात मुंबईच्या कुर्ला या उपनगराचे, आणि तेथेही केवळ पिण्याच्या पाण्याचे, उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी कुर्ला येथे एका वासनिकाच्या घरी प्रस्तुत लेखकाचा मुक्काम होता. जुनी चाळ, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ, आणि पाणी पहाटे ठरल्या वेळेपुरते. त्या वेळेत साऱ्या मजल्याचे हंडे, कळशा, पिंपे भरून व्हावयाची. आम्ही भिक्षापात्र धुण्यास नळाखाली धरले आणि शेजारी उभ्या असलेल्या वासनिकाशी बोलत राहिलो. पात्र भरले, भरून वाहू लागले, तरी बोलणे थांबेना. तेव्हा मागे कळशी घेऊन उभी असलेली एक वृद्ध बाई पुढे झाली. तिने हात लांबवून नळ बंद केला आणि म्हणाली, “बाबा, रागावू नका. हे पाणी आमच्याकडचं आहे. शहापूरचं. माझ्या माहेरच्या पाड्यावर बाया अजून टँकरची वाट बघत बसतात.”

तिच्या स्वरात राग नव्हता. आपल्या घरची वस्तू कोणी सांडत असेल तर माणूस ज्या सहजतेने ती उचलून ठेवतो, त्या सहजतेने तिने नळ बंद केला होता. आम्हांला उत्तर सुचले नाही. बालपणी आश्रमात सेवेला असताना आडाचे पाणी शेंदण्याचे काम आमच्याकडे असे. दोराने तळहातांना घट्टे पडत. उन्हाळ्यात पोहरा तळाला लागून गढूळ पाणी वर येई. त्या काळी पेलाभर पाणी सांडले तरी जीव हळहळे. तेच आम्ही कुर्ल्याच्या नळाखाली चार दिवसांत असे वागू लागलो, की जणू पाणी भिंतीतूनच उपजते. ज्ञान होते, अनुभवही होता, सोय लागताच दोन्ही निघून गेले. या लेखाचे मूळ त्या पहाटेत आहे.

पाण्याची वाट

त्या बाईच्या बोलण्यात किती तथ्य आहे हे पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी आणि तलाव यांवर अवलंबून होते. पाऊस ओढ देई त्या वर्षी लोकांचे हाल होत. १८५६ साली विहार तलावाचे काम हाती घेण्यात आले आणि १८६० मध्ये नळाचे पाणी शहरात पोहोचले. पुढे १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. हे दोन्ही तलाव साष्टीच्याच डोंगरांत आहेत. परंतु वाढत्या शहराला घरचे पाणी पुरेना. तेव्हा १८९२ मध्ये तानसा नदीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणले गेले. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात वैतरणा अडवून मोडकसागर झाला. अभियंता मोडक यांचे नाव त्या जलाशयाला दिलेले आहे. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज सात जलाशयांतून या शहराला दररोज सुमारे ३८०० ते ४००० दशलक्ष लिटर पाणी पुरविले जाते, आणि त्यातील निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचे आहे.

तानसा आणि भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्या तालुक्यातील अनेक गावांना व आदिवासी पाड्यांना गेली कित्येक वर्षे उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. डोळ्यांसमोर जलाशय भरलेला, आणि हंडा रिकामा. बाईचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

या वाटेवर आणखी किती हात आहेत ते पाहावे. वैतरणा आणि तानसा यांचे पाणी बव्हंशी उतारानेच शहराकडे येते. भातसेचे पाणी पिसे येथे पंपांनी उचलावे लागते. भांडुपच्या आणि पांजरापूरच्या जलशुद्धीकरण केंद्रांत त्यातील गाळ बसवून, ते गाळून, त्यात क्लोरिन घालून ते पिण्याजोगे करतात. तेथून ते टेकड्यांवरील टाक्यांत जाते, आणि मग ठरल्या वेळी एकेका विभागाची झडप उघडली जाते. हे काम करणाऱ्या महापालिकेच्या कामगारास लोक ‘चावीवाला’ म्हणतात. कुर्ल्याच्या त्या चाळीत पहाटे पाणी येई ते कोणीतरी त्याआधी उठून, रस्त्यात वाकून, लोखंडी चावीने झडप फिरवीत असल्यामुळे. चाळीतील एकाही माणसाने त्याचे तोंड पाहिलेले नव्हते. पाणी उशिरा आले म्हणजे मात्र त्याच्या नावाने बोटे मोडली जात. ज्याची आठवण केवळ चुकीच्या वेळी होते, असा हा उपकारकर्ता आहे.

२६ जुलै २००५

कुर्ल्याला पाण्याचे मोल एकदा सक्तीने शिकावे लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यास अवघा सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस होता. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीस मिळते. तिचे पात्र भराव, वस्त्या आणि कचरा यांनी आधीच आवळलेले. त्यात समुद्राला भरती. नदीला जावयास वाट राहिली नाही, तेव्हा ती कुर्ल्याच्या घरांत शिरली. क्रांतीनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत आणि बैलबाजाराच्या परिसरात तळमजले बुडाले. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. रेल्वे थांबली, वीज गेली, आणि हजारो लोक कमरेइतक्या पाण्यातून रात्रभर चालत घरी पोहोचले.

त्या दिवसांत एक विलक्षण विसंगती कुर्लेकरांनी अनुभवली. चहूकडे पाणी होते, आणि प्यावयास पाणी नव्हते. वीज नसल्याने पंप बंद. पंप बंद म्हणून वरच्या टाक्या रिकाम्या. जमिनीखालच्या टाक्यांत पुराचे आणि गटाराचे पाणी शिरलेले. पाणी गळ्याशी आले आणि घसा मात्र कोरडाच राहिला. ज्या विहार तलावाने १८६० साली शहराला नळाचे पहिले पाणी दिले, त्याच्याच सांडव्यातून निघालेली नदी दारात उभी होती, आणि तीतील घोट घेण्याची कोणाची छाती नव्हती. पुढे ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसच्या साथीने, त्या पाण्यातून नुसते चालून गेल्याचीही किंमत अनेकांकडून घेतली.

पाणी आणि पिण्याचे पाणी यांत जे अंतर आहे, तेच आपली सोय. ते अंतर निसर्गाने भरून काढलेले नाही. मनुष्यांनी भरून काढलेले आहे आणि रोज भरून काढावे लागते. एक दिवस ते थांबले तर नळ आहे तेथेच राहतो, पाइप आहे तेथेच राहतो, आणि सोय नाहीशी होते.

पाण्याची जी कथा तीच अन्य सोयींची. हिंदुस्थानातील विजेवर चालणारी पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली ती याच कुर्ल्यापर्यंत आली. आज कुर्ला स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशास त्याचे कौतुक नाही. गाडी चार मिनिटे उशिरा आली याचा संताप मात्र आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे लोकलगाड्या बंद झाल्या. सर्वसामान्य प्रवाशांना त्या पुन्हा खुल्या झाल्या १ फेब्रुवारी २०२१ रोजी, त्याही ठरावीक वेळांपुरत्या. मधल्या काळात जी गर्दी नकोशी वाटे तिचीही लोकांना आठवण येत होती. गाड्या पूर्ववत झाल्यावर संतापही पूर्ववत झाला.

कृतज्ञतेचे तीन प्रकार

यावरून उपकारस्मरणाचे तीन प्रकार संभवतात असे दिसते.

पहिले स्मरण अभावातून होणारे. वस्तू गेली म्हणजे तिची किंमत कळते. हे सर्वांना होते. त्यास विवेक लागत नाही, तहान पुरते. परंतु त्याचे आयुष्य तहानेइतकेच. पुराची गोष्ट कुर्ल्यात अजून निघते. पाण्याच्या त्या घोटाची आठवण मात्र नळाला पाणी आले त्याच दिवशी संपली. जे ज्ञान दुःखावाचून टिकत नाही ते टिकविण्यासाठी दुःखच पुनःपुन्हा यावे लागेल. अशी इच्छा कोणी करणार नाही.

दुसरे स्मरण तुलनेतून होणारे. ‘अमक्याकडे तर हेही नाही, आपले त्या मानाने बरे’ असे आपण म्हणतो, मुलांना शिकवतो, आणि त्यास समाधान असे नाव देतो. हे स्मरण वरकरणी सात्त्विक दिसते. पण त्याची परीक्षा केली तर ते सदोष ठरते. माझे समाधान जर दुसऱ्याच्या उणिवेवर उभे असेल, तर त्याची उणीव दूर होताच माझे समाधान ढासळेल. म्हणजे मला सुखी राहण्यासाठी शहापूरचा पाडा तहानलेला राहिला पाहिजे. असे कोणी मुखाने म्हणत नाही. तुलनेच्या पोटात मात्र ते दडलेले असते. शिवाय खाली पाहण्याची सवय लागलेली दृष्टी वरही जाते, आणि ‘तमक्याकडे चोवीस तास पाणी आहे’ हे दिसताच तेच समाधान असूया बनते. एकाच काट्याची ही दोन टोके आहेत.

तिसरे स्मरण ज्ञानातून होणारे. ही वस्तू माझ्यापर्यंत कोठून आली, कोणाच्या हातून आली, तिच्यासाठी कोणी काय सोडले, हे जाणून ती घेणे. यास अभाव लागत नाही, दुसऱ्याचे दैन्यही लागत नाही. वस्तू समोर असतानाच हे स्मरण होऊ शकते. आणि याचे फळ समाधानात संपत नाही. ते ऋणात पोहोचते. ज्याने पाण्याची वाट जाणली त्यास ‘माझे बरे चालले आहे’ एवढे म्हणून थांबता येत नाही. त्या बाईच्या ठिकाणी जे होते ते हेच तिसरे स्मरण. तिला दोन्ही टोके ठाऊक होती, माहेरचा हंडा आणि सासरचा नळ.

शंका-समाधान

येथे काही शंका उपस्थित होतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिली शंका विरक्ताची. देह नाशिवंत, प्रपंच अनित्य. मग देहाच्या सोयींचे कौतुक करण्याने आसक्तीच वाढणार नाही का? साधकाने त्यांकडे पाठ फिरवावी हे बरे नाही का? ही शंका गंभीर आहे. परंतु विस्मरण आणि विरक्ती यांची गल्लत येथे होते. आसक्ती किती आहे हे वस्तू जवळ असताना कळत नाही. ती चुकली असता जो क्षोभ होतो त्यावरून कळते. ज्याला नळाची कधी आठवणही नव्हती तो पाणी एक तास उशिरा आले तर सर्वांत मोठ्याने ओरडतो. ती त्याची विरक्ती होती काय? ज्याने पाण्याची वाट जाणली आहे तो थांबतो, कारण वाट लांबची आहे आणि वाटेत माणसे आहेत हे त्यास ठाऊक आहे. तेव्हा ज्ञानपूर्वक घेणे हेच निरासक्त घेण्याच्या जवळचे आहे. आपण त्यागी म्हणवणारांनीही हे विसरू नये की वस्तूचा संग्रह टाकता येतो; पाण्याचा घोट टाकता येत नाही. जे टाकता येत नाही ते निदान जाणून घ्यावे.

दुसरी शंका व्यवहाऱ्याची. ‘पाणीपट्टी भरतो, तिकीट काढतो, मग उपकार कसला?’ देणे-घेणे चुकते झाले, असा हा हिशेब. पाणीपट्टीत पाण्याच्या सेवेचा काही खर्च येतो हे खरे. परंतु धरणाखाली ज्यांची जमीन गेली, त्यांच्या पुढल्या पिढीच्या पावसाळ्यातील भाताच्या खाचरांचा हिशेब कोणत्या देयकात लिहिलेला असतो? पहाटे झडप फिरविणाऱ्याच्या झोपेचा दर कोणता? पैसा देणे चुकविण्याचे साधन आहे; ते ऋण फेडण्याचे साधन असतेच असे नाही. किंमत दिली म्हणून मोल दिले, असे होत नाही.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची, आणि ती आमच्या मनात फार दिवस राहिली. उपकारस्मरणाचा उपदेश हा वंचितांना गप्प बसविण्याचे साधन होणार नाही काय? ‘मिळते त्यात समाधान माना’ हे वाक्य ज्याच्याकडे आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्यास ऐकविले, तर त्यासारखी निर्दयता नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले, तेव्हा ते कोणाचा उपकार घेण्यास गेले नव्हते. ते मनुष्यपणाचा हक्क बजावण्यास गेले होते. त्या वेळी त्यांना कृतज्ञतेचा पाठ देणारा मनुष्य धर्म सांगत नसून अधर्म सांगत असता. मुंबईतही १९९५ नंतरच्या झोपड्यांना नळजोडणी न देण्याचे धोरण कित्येक वर्षे होते. मोठमोठ्या जलवाहिन्या वस्तीच्या उशाशी, आणि वस्तीला पाणी विकतचे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, झोपडी अनधिकृत असली तरी तेथील माणसाला पिण्याच्या पाण्यावाचून ठेवता येणार नाही, जीविताच्या हक्कात पाण्याचा हक्क येतो, असा निर्णय दिला. हा निर्णय आमच्या मते धर्मविचाराशी पूर्णतः सुसंगत आहे.

मग पाणी उपकार की हक्क? समाधान असे की, हा प्रश्न वस्तूविषयी नसून दृष्टीविषयी आहे. स्वतःसाठी घेताना ते भिक्षेप्रमाणे घ्यावे. दुसऱ्याचा विचार करताना ते त्याच्या हक्काप्रमाणे मानावे. बहुधा आपण याच्या नेमके उलट करतो. आपल्या नळाला आपण हक्क म्हणतो, आणि शहापूरच्या टँकरला मेहरबानी म्हणतो. ही उलटापालट सरळ करणे, इतकाच या लेखाचा अभिप्राय आहे. वंचिताने आपल्या हक्कासाठी उभे राहण्यात याने काही बाधा येत नाही. ज्याचा हंडा भरलेला आहे त्याने मात्र त्याच्या बाजूस उभे राहिले पाहिजे, कारण आपला हंडा कोठून भरला हे त्यास ठाऊक आहे.

शास्त्रदृष्टी

भिक्षेचा दृष्टान्त येथे मुद्दाम घेतला आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी अनुसरलेल्यांना भिक्षान्नावर राहावयास सांगितले, आणि ती भिक्षा चारही वर्णांच्या घरून घेण्यास सांगितली. यात जातिभेदाचा निरास आहे हे आपण नेहमी सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात दुसरेही एक शिक्षण आहे. भिक्षेकऱ्याच्या झोळीत जे पडते त्यावर त्याचा पूर्वीचा दावा नसतो. उद्याची खात्री नसते. आणि ते कोणत्या दारातून आले हे त्यास रोज प्रत्यक्ष दिसते. अन्न आणि देणारा हात यांच्यामध्ये पडदा नाही. सोयीने नेमका हाच पडदा घातला. नळाच्या तोटीमागे हात दिसत नाही, म्हणून तो नाही असे वाटते. भिक्षेचे व्रत न घेतलेल्या वासनिकालाही तो पडदा बुद्धीने दूर सारता येईल.

लहान गोष्टींकडे पाहण्याचे शिक्षणही आपल्या परंपरेत आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी आठवणी गोळा केल्या, त्या थोर प्रसंगांपुरत्या ठेवल्या नाहीत. जेवण, स्नान, निद्रा, वाटेवरचा विसावा, कोणी आणून दिलेली साधी वस्तू, हे सर्व त्यांनी विचारून, पडताळून लिहिले. स्थानपोथीत तर कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस वास्तव्य झाले, येथवर नोंद आहे. परमेश्वराच्या सन्निधानामुळे त्या वस्तूंना मोल आले, हे उघड आहे. आपल्या नळाशी त्याची बरोबरी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु ज्यांनी आपल्याला ती ग्रंथसंपदा दिली त्यांची दृष्टी कशी होती, हे पाहण्यास हरकत नसावी. कोणी दिले, कोठे दिले, हे विसरावयाचे नाही, अशी ती दृष्टी होती. आपण तो ग्रंथ वाचतो, आणि आज सकाळचे पाणी कोणी आणून दिले हे सांगू शकत नाही.

स्पष्ट बोलावयाचे तर या बाबतीत आपण आश्रमवासीही निर्दोष नाही. आपले मेळावे, पर्वकाळचे उत्सव भरतात, हजारो माणसे जमतात, टँकर येतात, नळ रात्रभर वाहत राहतात. पाणी कोठल्या विहिरीचे, त्या विहिरीवर एरवी कोणाचे हंडे भरतात, हे विचारण्याची रीत आपल्यात अजून पडलेली नाही. व्यवस्था चोख झाली म्हणजे आपण आयोजकांची स्तुती करतो. ती करावी, पण स्तुती तेथे थांबू नये.

तात्पर्य

नित्य मिळणाऱ्या सुखाचे स्मरण ठेवणे म्हणजे त्याचे स्तोत्र गाणे नाही. पात्र भरले की नळ बंद करावा. पाणी उशिरा आले तर तोंडातून पहिला शब्द शिवीचा निघू नये. आपल्या विभागाची झडप फिरविणारा भेटला तर त्यास दोन शब्द बोलावेत. ज्या तालुक्याचे पाणी आपण पितो त्याच्या तहानेविषयी बातमी आली तर ती परक्या मुलखाची म्हणून पान उलटू नये. तेथे पाणी पोहोचविण्याची मागणी होईल तेव्हा तीत आपलाही आवाज असावा. इतके केल्याने कोणी मुक्त होणार नाही. मोक्षाची वाट वेगळी आहे आणि ती परमेश्वराच्या अधीन आहे. परंतु घेतलेल्याची जाण नसलेला जीव त्या वाटेवर किती दूर जाईल, याचा विचार सुज्ञ वाचकांनी करावा.

कुर्ल्याची ती चाळ पुढे पाडली गेली आणि तेथे उंच इमारत झाली असे कळते. त्या बाईचे पुढे काय झाले ते ठाऊक नाही. तिचे नाव आम्ही विचारले नव्हते, ही आमची आणखी एक चूक. तिने ज्या हाताने नळ बंद केला त्या हातास येथून दंडवत.